बाबासाहेबांच्या गोष्टीतून भाऊराव कुठे गेले?

१४ एप्रिल जवळ आली की फोनवर मजकूर फिरू लागतात. बाबासाहेबांच्या पदव्यांचा आकडा दरवर्षी वाढलेला असतो. पाठवणाऱ्याचं मन निर्मळ असतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाला हात लावू दिला नाही, त्यांनी अभिमान नाही मिरवायचा तर कुणी? पण कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी एवढं खरंखुरं असताना वर रचायचं कशाला?

मला जास्त लागतं ते आपल्या नाशिकचं. काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला सत्याग्रह मुलांच्या भाषणांत दोन वाक्यांत संपतो: बाबासाहेब आले, मंदिर खुलं झालं. नाही झालं हो! २ मार्च १९३० ला हजारोंचा मोर्चा गेला, दरवाजे बंद. रामनवमीला रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली. पुढे वर्षानुवर्षं लढा चालला, तरी दार उघडलं नाही. बाबासाहेब मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला. इथे सगळं अंगावर घेतलं ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, अमृतराव रणखांब्यांसारख्या कार्यकर्त्यांनी आणि सत्याग्रहात उतरलेल्या बायकांनी. हे न उघडलेलं दार गोष्टीतून काढलंत, तर १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं का सांगितलं, ते मुलांना कसं कळणार?

थोरांभोवती अशा गोष्टी रचणं सगळीकडेच होतं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले. वीम्स नावाच्या पाद्र्याने त्यांचं चरित्र लिहिलं आणि १८०६ च्या आवृत्तीत लहानग्या वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं खरं कबूल केलं, ही गोष्ट घातली. तिला पुरावा नाही, तरी ती आपल्या शाळांपर्यंत पोचली.

घटनेचंही तसंच. ‘एकट्याने लिहिली’ हे वाक्य हवेतून आलेलं नाही. मसुदा समितीत सात जण होते, पण कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत होतं. भार शेवटी आंबेडकरांवरच पडला, हे समितीतलेच एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९४८ साली घटना समितीतच सांगितलं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात खुद्द बाबासाहेबांनी घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं नाव घेऊन श्रेय दिलं. जो माणूस भर सभागृहात श्रेय वाटून देतो, त्याच्या नावावर आपण ते परत गोळा करतोय.

यंदा जयंतीला पोरांची भाषणं बसवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: काळारामाच्या भाषणात भाऊरावांचं नाव घाला, आणि मंदिर उघडलं नाही हेही मुलांना मोठ्याने म्हणू द्या.