घराला नाही, तोंडाला रंग द्या

गावातलं घर विकायचं ठरवलं म्हणता? छान केलं भाऊ. आता पहिले तो यूट्यूबवरचा व्हिडिओ बंद करा ज्यात एक बाई सांगून राह्यली की भिंतीला फिकट रंग द्या, सोफ्यावर उशा मांडा, घरात कॉफीचा वास सुटू द्या. तुमच्या पुढच्या खोलीत आढ्याला लागेस्तोवर कापूस भरून आहे, भाव वाढेल म्हणून डिसेंबरपासून ठेवलेला, अन् भाव खाली जाऊन राह्यला. त्या कापसाची खाज सुटली की पाहुणा सोफ्यावर नाही बसत, दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहते. तिथं कॉफी काय करणार.

तसंही घर पाहायला येणारा माणूस काही परका नसते. तुमच्या बहिणीच्या लग्नात त्यानंच पंगतीत बुंदी वाढलेली असते. कोणत्या कवेलूखाली पाणी गळते हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत, कारण दोन वर्षांआधी कवेलू फेरायला तोच वर चढला होता. त्यामुळं तो घर पाहतच नाही. तो तुम्हाला पाहते.

"काऊन विकून राह्यले बाप्पा?"

बस, सगळा सौदा या एका प्रश्नात आहे. सोसायटीचं कर्ज म्हटलं की दोन लाख गेले. पोरीचं लग्न म्हटलं की तो लगेच तारीख विचारते, अन् तारीख जितकी जवळ तितका भाव खाली. दवाखान्याचं नाव तर काढूच नका, तो डोळ्यात पाणी आणून अर्ध्यात मागते. म्हणून रंगकाम करायचं ते तोंडाचं. रोज सकाळी आरशासमोर म्हणायचं, "पोरगा म्हणते पुण्यालेच या आता, नाही तं आम्हाले कुठं विकाचं होतं." पोरगा हिंजवडीत कॉट बेसिसवर राहते हे बोलायचं नाही. चहाच्या टपरीवर पंधरा दिवस जायचं नाही, कटिंगच्या दुकानात तर अजिबात नाही, वस्तरा गळ्यावर असला की माणूस खरं बोलते. जमलं तर त्याच आठवड्यात नवा कूलर घ्या, हप्त्यावर का होईना, अन् खोका ओट्यावर दिसेल असा ठेवा. अन् किराणावाल्याची उधारी आधी फेडा, कारण घेणारा पहिले तिथं जाऊन तुमचं खातं विचारते, वकील-फिकील मागून.

भाव किती सांगायचा? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, आता एवढ्या लांब रोडला तुमचं गाव कुठंतरी जवळ पडणारच ना. इंटरचेंज साठ किलोमीटरवर असला तरी "समृद्धी लागूनच" म्हणायचं. समोरचा मग रेडीरेकनर, म्हणजे जागेच्या सरकारी भावाचा तक्ता, काढेल. म्हणजे दोघंही लाजेनं लाल होण्याच्या पलीकडे गेले, आता सौदा होईल.

आता कागद. तुम्ही म्हणाल माझ्याकडे नमुना आठ आहे, दरसाल घरटॅक्स भरतो. शाब्बास. नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नाही, हे वकील पैसे घेऊन सांगते, मी फुकट सांगून राह्यलो. अन् त्यावर नाव कोणाचं आहे ते तरी वाचा. आजोबाचं. आजोबाला जाऊन चाळीस वर्षं झाले, पण ग्रामपंचायतीच्या हिशोबात ते अजून त्याच घरात राहतात अन् पाणीपट्टी थकवतात.

मधात ते स्वामित्व योजनेचं आलं, २०२० पासून, गावठाणाची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, देणार म्हणून. मोजणीच्या आधी चुन्यानं हद्दी आखायच्या होत्या. आमच्या गावात ड्रोन उडाला तेव्हा सगळं गाव वर पाहत होतं, एकटा आमचा शेजारी खाली पाहत होता. चुन्याची लाईन दीड फूट इकडं आली अन् आमची न्हाणी त्याच्या घरात गेली. हरकत घ्यायची मुदत होती म्हणे. आम्ही तेव्हा सोयाबीन सोंगत होतो.

मग वारस. आजोबाला तीन पोरं, चार पोरी, त्यातले काही गेले, त्यांचे लेकरं नागपूर, वर्धा, एक तर थेट सुरतेला. तेवीस सह्या भरल्या माझ्या यादीत. पोरींचं काय, त्या तर लग्न होऊन गेल्या, असं पारावर म्हणत बसू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित इस्टेटीत पोरीचा हक्क पोराएवढाच झाला, अन् त्यासाठी २००५ ला बाप जिवंत पाहिजे असंही काही नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये साफ सांगून टाकलं. म्हणून ज्या आत्याला बारा वर्षं भाऊबीजेला विचारलं नाही तिच्या दारात आता साडी घेऊन जा. हक्कसोडपत्र हा शब्द तोंडातून काढायचा नाही, "एक सही आहे फक्त आत्याबाई" म्हणायचं. तिला सगळं समजते. माझी आत्या साडीची घडी उलगडून काठ पाहत म्हणते, "सही देतो ना बाबू, पण तुह्या आजानं मले वाड्यातला आंबा देतो म्हणला होता." तो आंबा कधीचाच वादळात पडला, त्याची चौकट आमच्याच दाराला आहे. मी हे बोललो अन् माझा एक महिना वाया गेला.

रजिस्ट्रीच्या दिवशी डबा घेऊन जा, पाणी घेऊन जा. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपये अन् वरच्या स्थावराची विक्री नोंदवावीच लागते, म्हणजे तुमचं पडकं घरही सुटत नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, अन् बाईच्या नावानं घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, म्हणून खरेदीदाराचं बायकोवर किती प्रेम आहे ते त्या दिवशी सगळ्या ऑफिसला दिसते. सर्व्हर बंद असते. चालू झाला की लाईट जाते. दोन्ही आले की आत्याचा अंगठा मशीनला दिसत नाही, पन्नास वर्षं कापूस वेचून रेषाच पुसल्या तिच्या. ऑपरेटर म्हणते जोरात दाबा आजी. आजीनं अजून किती दाबायचं.

अन् पैसे. खरेदीदार म्हणते कागदावर इतके दाखवू, बाकीचे पिशवीत. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेता येत नाही, घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकते, पण हे त्याला सांगू नका, त्याचा मूड जाईल. मी सगळे चेकनं मागितले तं तो असा पाहायला लागला जसं काही मी त्याच्या घरच्या देवाची मूर्तीच मागितली. शेवटी चेक दिला, पण बदल्यात कूलर ठेवून घेतला. नवाच होता. हप्ते अजून मीच भरून राह्यलो.

आता तालुक्याला दोन खोल्या किरायानं आहेत. मार्चमध्ये ग्रामपंचायतीचा शिपाई पत्ता शोधत आला, आजोबाच्या नावानं घरटॅक्सचं बिल घेऊन.

"नव्या मालकाले दे ना बे."

"नावाचा फेरफार मासिक सभेत यायचा हाय भाऊ. अन् ते म्हणते थकबाकी जुनी हाय, ज्याचं नाव त्यानं भरावं."

भरली. पावतीवर आजोबाचं नाव होतं, बायकोनं ती देवाच्या फोटोमागं ठेवली.