बांबूच्या कापडाबद्दल खुलासा

‘बांबूचं कापड शंभर टक्के नैसर्गिक, रसायनाचा थेंब नाही, धागा जाळून राख झाली की माल अस्सल’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला. चूक माझी, माफ करा.

बांबू निसर्गातला, हे खरंच. पण बाजारातलं बहुतेक मऊसूत ‘बांबू’ कापड म्हणजे व्हिस्कोस. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात, मग सल्फ्युरिक आम्लात त्याचे धागे काढतात. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जातंतूंना अपाय करतं. व्हिस्कोसला ‘बांबू’ म्हणणाऱ्या लेबलांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये चार मोठ्या विक्रेत्यांवर कारवाई केली होती.

राखेची परीक्षा मी स्वतः करून पाहिली. इचलकरंजीच्या सुती कापडाची चिंधी आणि ‘बांबू’चा रुमाल, दोन्ही कागदासारखे जळले, दोन्हींची राख मऊ. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक गुठळी झाली असती. म्हणजे या परीक्षेत पॉलिस्टर पकडता येतं, बांबू ओळखता येत नाही.

लेबलवर व्हिस्कोस आहे की लायोसेल, ते बघा. लायोसेलही लगद्यापासूनच बनतं, पण त्याच्या प्रक्रियेत द्रावक (लगदा विरघळवणारं रसायन) जवळपास सगळं परत वापरतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.