बोटं कापायला पैसे मिळाले, गोळ्यांना नाही मिळाले

आज एक तारीख. मेडिकलच्या काउंटरवर वीस मिनिटं उभी होते. माझ्या पुढच्या माणसानं चिठ्ठी सरकवली आणि म्हणाला, "शुगरच्या द्या, बीपीच्या राहू देत, पुढच्या आठवड्यात नेतो." मेडिकलवाल्या दादांनी काही न बोलता दोन स्ट्रिपा काढून दिल्या. त्यांना याची सवय झालीय. मला झालेली नाही आणि व्हायलाही नको. माझं डोकं तिथंच तडकलं, कारण हेच "राहू देत" आमच्या मामांनी आठ महिने आम्हाला न सांगता केलं आणि त्यात त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

मामा म्हणजे माझे सासरे. वय ६६. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होते. पेन्शन नाही. शुगर निघाली त्याला १४ वर्षं झाली, बीपी त्याच्या मागोमाग आलं. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, बीपी आणि थायरॉइड. नवरा कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत, पगार १९ हजार. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते, मला १४ हजार. दोन पोरं शाळेत. घरखर्चाची वही मी लिहिते, त्यामुळं आकडे तोंडपाठ आहेत.

मामांच्या गोळ्या १,६४०. आत्यांच्या ७२०. घरी शुगर बघायच्या पट्ट्या ५००. झाले महिन्याला २,८६०. शिवाय दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची फी, तीन महिन्यांची शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, चरबीची तपासणी मिळून १,९००. म्हणजे महिन्याला सरासरी साडेतीन हजार. ३३ हजारांच्या घरात साडेतीन हजार! जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आली की घरखर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसा खिशातून औषधपाण्यावर जायला लागला की ती त्या घरावरची आपत्ती समजायची. आमच्याकडं ही आपत्ती दर एक तारखेला येते. तिचा पंचनामा करायला कुणी येत नाही. २०१९ ला कृष्णेचं पाणी आलं तेव्हा निदान तलाठी तरी दारात आला होता.

मामा आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहीत आले. त्यांनी स्वतःचाही लिहिला. नातीची फी वाढली, सुनेची ओढाताण दिसते, आपल्या गोळ्या तेवढ्या कमी करता येतील. अडकित्त्यानं ते गोळी अर्धी करायचे. सुपारीच्या अडकित्त्यानं! त्यातली मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी पोटात हळूहळू विरघळणारी, ती कापायचीच नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी एक दिवसाआड. आठ महिन्यांत त्यांनी वाचवले किती? मी नंतर बसून मोजले. साधारण चार हजार रुपये.

मग चपलेचा खिळा लागला. चौदा वर्षांच्या शुगरनं तळपायाची जाणीव गेली होती, त्यामुळं त्यांना पत्ताच नाही. आत्यांना मोज्यावर डाग दिसला तेव्हा जखम आतपर्यंत गेली होती. मी ओरडले, एवढं झालं तरी बोलला का नाहीत? तर म्हणाले, "अगं पोरी, दुखतंय कुठं? कळतच नाय की."

नायलॉनचा एक बारीक दोरा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून बघायचा, जाणवतो की नाही विचारायचं. दोन-तीन मिनिटांची तपासणी आहे. मधुमेह्याची ती वर्षातून एकदा तरी करायची असते. चौदा वर्षांत आम्ही किती दारं चढलो, एकदाही कुणी मामांना "चप्पल काढा, पाय बघू" म्हटलं नाही. एकदाही नाही. अशा बधिर पायांसाठी एमसीआर रबराची मऊ चप्पल मिळते, आठशे रुपयांची, हे आम्हाला बोटं गेल्यावर कळलं.

मिरजेला ११ दिवस काढले. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं आणि योजनेनं त्याचे पैसे दिले, ते मी नाकारणार नाही. योजना नसती तर घर विकावं लागलं असतं. पण वही बघा. फाइल मंजूर व्हायच्या आधीच्या तपासण्या ६,२००. बाहेरून आणलेली औषधं, ड्रेसिंगचं सामान ९,४००. रिक्षा, डबा, चहा ४,८००. नवऱ्याचे बुडालेले ११ दिवस, आठ हजार. एकूण २८,४००. आत्यांची बोरमाळ पतसंस्थेत सोनेतारणाला गेली, अजून तिथंच आहे.

माझा संताप याच गोष्टीचा आहे. माणूस ॲडमिट झाला, काहीतरी कापायचं ठरलं, की कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. उद्या किडनी गेली तर डायलिसिसही योजनेत बसतं, आठवड्याला दोनदा-तीनदा, मरेपर्यंत. त्यासाठी सरकार तिजोरी उघडतं. पण तीच किडनी टिकावी म्हणून रोज घ्यायच्या गोळीला, तोच पाय वाचावा म्हणून लागणाऱ्या आठशेच्या चपलेला त्या कवचात एक रुपया नाही. का? कोणत्या दिवाणजीनं हा हिशेब मांडला? आमच्या यार्डातला कुठलाही पोरगा सांगेल की पोत्याला भोक पडलं की आधी भोक शिवायचं. इथं हळद सांडेपर्यंत थांबतात आणि मग झाडू आणायला पैसे देतात.

"सरकारी दवाखान्यात जा की, सगळं फुकट आहे." हे सांगणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर यावं. हो, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. आम्ही गेलोही. मेटफॉर्मिन मिळाली, बीपीची एक साधी गोळी मिळाली, बाकीच्या तीन "बाहेरून घ्या". मिळाल्या त्या दहा दिवसांच्या. म्हणजे महिन्यातून तीन वेळा रांग, प्रत्येक वेळी अर्धा दिवस. आमच्या गल्लीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशींना बीपी आहे. रांगेत उभ्या राहिल्या की दोन घरांचं काम बुडतं, तिसऱ्यांदा असं झालं की कामाचं घर सुटतं. त्यांनी गोळ्याच बंद केल्यात. आशाताई येऊन त्यांचं नाव लिहून गेल्या, बीपी मोजून गेल्या, तिशीच्या पुढच्यांची तपासणी म्हणून. रजिस्टरमध्ये मावशी "तपासलेल्या" आहेत. पुढं काय, हे आशाताई तरी काय सांगणार, त्यांच्या पिशवीत गोळ्याच नाहीत.

आता किडनीचं सांगते. २०२३ च्या दिवाळीत मामांच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं. डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन लिहून दिली, किडनी आणि हृदय दोन्ही जपते म्हणाले. एक गोळी साठ रुपयांच्या आसपास. महिन्याला अठराशे, फक्त एका गोळीचे! एक महिना घेतली, दुसऱ्या महिन्यात मामांनीच "त्यानं मळमळतंय" म्हणून बंद केली. मळमळत नव्हतं, हे मला आता कळतंय. मार्च २०२५ मध्ये त्या औषधाचं पेटंट संपलं आणि तीच गोळी दहा रुपयांच्या आत यायला लागली. तेच औषध, तेवढीच ताकद. मधल्या दीड वर्षात मामांचं क्रिएटिनिन १.२ वरून १.९ झालं, म्हणजे किडनी तेवढी बिघडली. ते आता मागं फिरणार नाही. औषध शोधायला पैसा लागतो, पेटंट का असतं, हे मी शिकलेय. पण ज्या देशात २०२३ साली आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून दहा कोटींवर मधुमेही निघाले, आणखी साडेतेरा कोटींवर माणसं काठावर उभी दिसली, तिथल्या सरकारला त्या काळात कंपनीसमोर बसून भाव पाडता येत नव्हता? एवढ्या माणसांसाठी एकगठ्ठा घेणाऱ्याला भाव नाही मिळत? यार्डात शंभर पोती घेणाऱ्याला मिळतो.

जेनेरिकचं म्हणाल तर शहरातल्या एका स्वस्त औषधांच्या दुकानात मी तीन वेळा गेले. पाचपैकी दोन गोळ्या मिळाल्या, एकदा एकच. डॉक्टरांना विचारलं तर, "मी लिहिलीय तीच घ्या, रिझल्टची गॅरंटी मी देणार नाही." मग माझी काय हिंमत? ऑगस्ट २०२३ मध्ये वैद्यकीय आयोगानं नियम काढला होता, डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहायचं म्हणून. तीन आठवड्यांत तो स्थगित झाला. स्वस्त गोळीच्या दर्जाची शंका असेल तर दर्जा तपासायची यंत्रणा वाढवा ना! त्या शंकेचा दंड महिन्याच्या महिन्याला आमच्याकडून का वसूल करता?

करांचं मला रोजच बघावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा आणि शुगरच्या पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमचे महिन्याला १९० रुपये वाचले. चांगलं झालं, मनापासून सांगते. पण सरकारनं कमाल किंमत ठरवून न दिलेल्या औषधांचे भाव कंपन्यांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची कायद्यानं मुभा आहे. अशी एक वाढ आली की १९० रुपये गेले. आणि आधी तरी, इतकी वर्षं, आजारी माणसाच्या रोजच्या गोळीवर बारा टक्के कर घेतला कशासाठी? ती काय हौसेनं खायची वस्तू होती?

याहून चीड येते ती लोकांच्या आयकराच्या फॉर्ममधलं ८०डी कलम भरताना. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीला पाच हजारांपर्यंतची वजावट, तीही जुन्या करप्रणालीत. म्हणजे ज्याचं उत्पन्न कर भरण्याइतकं आहे त्यालाच आजार रोखण्यासाठी सरकारची मदत. मी बिल्डरांच्या, सर्जनांच्या फॉर्ममध्ये तो आकडा दरवर्षी टाकते आणि संध्याकाळी घरी येऊन पट्ट्या मोजते, आठवड्यात दोनच वापरायच्या म्हणून. मामांना, गल्लीतल्या मावशींना, काउंटरवरच्या त्या माणसाला या वजावटीचा काय उपयोग?

मेडिक्लेमवाल्याला फोन केला होता. ६६ वय, शुगर, बीपी ऐकल्यावर त्यानं सांगितलेला हप्ता ऐकून मी फोन ठेवला. वर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायचं, आणि पैसे मिळणार ते ॲडमिट होऊन उपचार घेतले तरच. तिथंही तेच.

आणि नातेवाईक! बघायला येतात, पायाकडं नजर टाकतात आणि म्हणतात, "पथ्य पाळलं नसणार." मामा गेली चौदा वर्षं बिनसाखरेचा चहा पितात. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सणाला पोळीचा एक घास, तोही आत्यांच्या आग्रहानं. दुकानातून घरी चालत यायचे, कुपवाड रोडच्या ट्रकांच्या धुळीतून. त्यांनी पथ्यात कसूर केली नाही. त्यांनी गोळ्यांत केली, आणि ती आमच्यासाठी केली. मग तुम्ही "कारल्याचा रस घ्या" सांगून, आमचाच चहा पिऊन जाता. परवा मी एका चुलत दिरांना तोंडावर म्हटलं, रस राहू द्या भावजी, महिन्याच्या गोळ्यांची एक स्ट्रिप आणत जा. ते गप्प झाले. नवरा माझ्यावर चिडला. चिडू दे.

मी काही मोठं मागत नाही. शुगर, बीपी निघालेल्या माणसाला त्याच्या वॉर्डात, त्याच्या गावात, महिन्याच्या महिन्याला तीस दिवसांच्या सगळ्या गोळ्या मिळाव्यात, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मिळाव्यात. वर्षातून एकदा पाय, डोळे, लघवी तपासून मिळावी. ज्या योजनेतून मामांची बोटं कापली, त्याच योजनेतून. मेटफॉर्मिन काही सोन्याची नाही, सरकारनं घाऊक घेतली तर एका ऑपरेशनच्या पैशात किती जणांची वर्षं निघतील ते मंत्रालयात बसून कुणीतरी एकदा मोजावं. जमत नसेल तर आमच्या मामांना बोलवा, ते मोजून देतील. पायाचं ड्रेसिंग झालं की रिकामेच असतात.

काउंटरवर माझा नंबर आला तेव्हा त्या माणसाच्या बीपीच्या गोळ्या अजून तिथंच बाजूला पडल्या होत्या. मी दादांना विचारलं, केवढ्याच्या? "एकशे ऐंशी." माझ्या पर्समध्ये उद्याच्या ड्रेसिंगचे अडीचशे आणि रिक्षाचे ऐंशी मोजून ठेवलेले होते. मी आमच्या गोळ्या घेतल्या आणि निघाले. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरातला अडकित्ता उचलून माळ्यावर टाकला.