मंगलाताईंचं नावही घ्यायला हवं

लेख वाचून डोळे भरून आले. पण जयंत नारळीकर सरांबद्दल एवढं लिहिलंत तसं त्यांच्या पत्नी मंगलाताईंबद्दलही दोन ओळी हव्या होत्या हो. त्या २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या आणि सर २०२५ च्या मे महिन्यात, आमच्या घरात दोघांची पुस्तकं एकाच कप्प्यात आहेत. सरांचं 'यक्षांची देणगी' मी शाळेत असताना लायब्ररीतून तीनदा आणलं होतं, पण मुलीला वाढवताना खरा आधार झाला तो मंगलाताईंच्या 'गणितगप्पा'चा.

२०१९ ला मंगलाताईंच्या समितीने केलेल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा किती टिंगल झाली, मीपण घरात चिडून बोलले होते. मग एक दिवस पोरीला पासष्ट लिही म्हटलं तर तिने आधी ५ लिहिला आणि पुढे ६, कारण कानावर 'पा' आधी पडतो ना! साठ पाच म्हटल्यावर बरोबर ६५ लिहिलं, खोडरबर न वापरता. तेव्हा कळलं की या बाई मुलाच्या शेजारी बसून विचार करत होत्या. एवढ्या मोठ्या गणितज्ञ, आणि पहिली-दुसरीच्या पोरांसाठी इतका वेळ द्यायचा, हे सोपं नाही.

सर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. माझं कार्ड प्रश्नासकट वहीतच राहिलं, धीरच झाला नाही. आता ते मुलीला दिलंय.