ख्रिसमस मार्केटवाला फॉरवर्ड आणि गाडीएवढी फट

थंडी सुरू झाली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, डिंकाच्या लाडवांचं प्रमाण आणि जर्मनीचा तो फॉरवर्ड. यंदा मामांनी टाकला, वर मला टॅग करून "बघ गं, जपून राहा तिकडे". मामा काळजीपोटीच टाकतात, त्यात वाद नाही, पण नऊ वर्षं इथे राहून दर डिसेंबरला हेच वाचायचं म्हणजे आता अति झालं, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहिते.

ज्यांना आला नसेल (कोण असा भाग्यवान?) त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मनीने २०१५ ला निर्वासितांना दार उघडलं म्हणून ख्रिसमस बाजारात गाड्या घुसतायत. मीडिया हल्लेखोराचा धर्म लपवतं. पोलंडने एकालाही घेतलं नाही, तिथे बघा कसं शांत. जर्मनीत आता बाजार भरतच नाहीत. बॉर्डर बंद करा, प्रश्न मिटला. खाली हात जोडलेले इमोजी आणि "प्रत्येक ग्रुपवर पाठवा".

सोबत जो व्हिडिओ असतो तो जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचा, २० डिसेंबर २०२४ चा. संध्याकाळी सातच्या सुमाराला भाड्याने घेतलेली बीएमडब्ल्यू बाजारात घुसली, सहा जण गेले, पाच बायका आणि एक नऊ वर्षांचा मुलगा, जखमी तीनशेच्या आसपास, त्यात सात भारतीयसुद्धा होते हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितलं. आता हा माणूस कोण? सौदीतून २००६ ला आलेला डॉक्टर. २००६. म्हणजे फॉरवर्डमधलं दार उघडायच्या नऊ वर्षं आधी, पुढचं मेडिकलचं शिक्षण घ्यायला, रीतसर. निर्वासिताचा दर्जा त्याला मिळाला तो इथे दहा वर्षं काढल्यावर.

आणि "धर्म लपवला" म्हणाल तर उलटंच झालं, पहिल्या काही तासांत सगळ्या जगाने ठरवूनच टाकलं होतं की हा जिहादी, आणि मग त्याचं ट्विटर उघडलं तर गडी वर्षानुवर्षं इस्लामवरच तुटून पडत होता, जर्मनीचं मुसलमानीकरण होतंय म्हणत होता, स्थलांतरितांच्या विरोधातल्या एएफडी पक्षाचं कौतुक करत होता. हे कळल्यावर फॉरवर्डची नवी आवृत्ती आली की ते सगळं नाटक होतं. अहो, आठ-दहा वर्षं नाटक? म्हणजे पुरावा बाजूने आला तरी तुम्ही बरोबर आणि विरोधात आला तरी तुम्हीच बरोबर, मग वाद घालायला उरलं काय.

मला यातली वेगळीच गोष्ट झोंबते. २०१३ ला रोस्टॉकच्या कोर्टाने याच माणसाला हल्ल्याची धमकी दिल्याबद्दल दंड केला होता. सौदीकडून त्याच्याबद्दल इशारे आले होते. पोलिस त्याला समज देऊन आले होते. सगळं कुठल्या ना कुठल्या फायलीत होतं, फक्त त्या फायली एकमेकींच्या शेजारी कोणी ठेवल्या नाहीत.

फॉरवर्डमध्ये खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. बर्लिनचा, १९ डिसेंबर २०१६ चा हल्ला घ्या, ख्रिसमस बाजारात ट्रक घातला तो. तो घालणारा ट्युनिशियाचा माणूस २०१५ च्या जुलैतच जर्मनीत आला, त्या गोंधळाचा त्याने पुरेपूर फायदा उठवला, चौदा वेगवेगळ्या ओळखी दाखवून फिरला. पण त्याच्या आधी तो इटलीत चार वर्षं जेलमध्ये होता, तिथूनही त्याला परत पाठवता आलं नव्हतं. जर्मनीने जून २०१६ ला त्याचा अर्ज फेटाळला, धोकादायक लोकांच्या यादीत नाव होतं, काही महिने पाळत होती, मग काढली. परत का पाठवलं नाही? कारण ट्युनिशिया म्हणत होता हा आमचा नाहीच, कागद देत नव्हता. तो कागद आला २१ डिसेंबरला. हल्ल्यानंतर दोन दिवसांनी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते.

झोलिंगेनचंही तसंच. ऑगस्ट २०२४, गावाचा उत्सव, चाकूहल्ला, तिघं गेले. हा सीरियाचा, इसिसवाला, इथे फॉरवर्डचं म्हणणं बऱ्यापैकी लागू पडतं, मान्य. युरोपात तो आधी बल्गेरियात आला होता, म्हणून नियमाप्रमाणे त्याला तिथेच परत पाठवायचं होतं, २०२३ च्या जूनमध्ये लोक त्याला न्यायला हॉस्टेलवर गेले, तो खोलीत नव्हता, लोक परत आले. संपलं. पुन्हा कोणी गेलंच नाही आणि सहा महिन्यांची मुदत उलटून गेली. आपल्याकडे समन्स बजावायला जातात आणि "इसम घरी मिळून आला नाही" लिहून येतात ना, तस्संच. जर्मन शिस्त वगैरे ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं.

मग बॉर्डर बंद करून काय झालं तेही बघू, कारण ते करून झालंय. झोलिंगेननंतर १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी लावली. माग्देबुर्ग त्यानंतर तीन महिन्यांनी घडलं, अठरा वर्षं आतच राहणाऱ्या माणसाकडून. मार्च २०२५ ला मानहाइममध्ये गर्दीत गाडी घालून दोघांना मारणारा तर जर्मनच होता. ब्रिटनच्या मँचेस्टर अरीनात २०१७ ला बॉम्बने बावीस जणांना मारणारा मँचेस्टरमध्येच जन्मलेला. याला कुठल्या बॉर्डरवर अडवणार, लेबर वॉर्डच्या दारात?

पोलंडचं पटकन उरकते. "एकालाही घेतलं नाही" हे खोटं, २०२२ नंतर दहा लाखांच्या आसपास युक्रेनियन तिथे राहतायत. आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच तपास यंत्रणेने जाहीर केलं की ख्रिसमस बाजारावर हल्ल्याचा कट रचल्याच्या संशयावरून एकाला पकडलंय, तो ल्युब्लिनला शिकणारा पोलिश विद्यार्थी. बाजार भरतच नाहीत म्हणणाऱ्यांनी इथे एक चक्कर मारावी, पाय ठेवायला जागा नसते. एखाद्या ओव्हराटसारख्या छोट्या गावाने २०२५ ला सुरक्षेचा खर्च झेपत नाही म्हणून रद्द केला हे खरं, पण तो मुद्दा पैशाचा आहे, खर्च सरकारने करायचा की गावाने यावरून इथे जोरात भांडण चालू आहे, त्याचा फॉरवर्ड मात्र कोणी करत नाही.

आणि ज्यावर बोलायला पाहिजे ते म्हणजे ती फट. बर्लिननंतर इथे ठिकठिकाणच्या बाजारांभोवती काँक्रीटचे ठोकळे आले, लोक त्यांना तेव्हाच्या चान्सलर मर्केल यांच्या नावावरून चेष्टेने मर्केल-लेगो म्हणतात. माग्देबुर्गलाही ठोकळे होते. पण अँब्युलन्सला आत यायला वाट लागते, ती ठेवली होती, आणि तिथूनच गाडी आत गेली. सगळा प्रकार जेमतेम मिनिटभराचा. ही काही मूर्खपणाने ठेवलेली जागा नव्हे, ती बंद केली तर आग लागल्यावर, चेंगराचेंगरीत माणसं आतच अडकतील, एल्फिन्स्टनचा पूल आठवा, २०१७, तेवीस जण गेले आणि तिथे अतिरेकी कोणीच नव्हता. म्हणजे वाट पाहिजेच, फक्त ती अडवून उभं कोण राहणार आणि गाडी आली तर हलवणार कोण, इतका साधा आणि कंटाळवाणा प्रश्न आहे. ब्रिटनने तो प्रश्न घेतला, मँचेस्टरमध्ये गेलेल्या मार्टिन हेटच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२५ ला कायदा झाला, दोनशे किंवा त्याहून जास्त माणसं जमू शकतील अशा जागांनी काही झालं तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवायचं. अंमलबजावणीला वेळ आहे, पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारला.

अजून एक, मामा, हे खास तुमच्यासाठी. बर्लिनच्या रात्री पोलिसांनी लगेच एकाला पकडलं होतं. एका साक्षीदाराला वाटलं तोच पळाला. पकडला तो पाकिस्तानी होता, त्याचा काही संबंध नव्हता, दुसऱ्या दिवशी सोडला, आणि खरा माणूस तोवर पसार, चार दिवसांनी इटलीत पोलिसांच्या गोळीने मेला. त्या रात्री त्या रस्त्यावरून मी किंवा आपला कोणी चालत असता तर साक्षीदाराला फरक कळला असता? तुम्ही "त्यांना" हाकला म्हणता तेव्हा इथल्या ट्राममध्ये त्या "त्यांना" मध्ये मी पण बसलेली असते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांचा रिप्लाय आला, "बरं. तरी गर्दीत जाऊ नकोस." मी त्याच संध्याकाळी बाजारात गेले, कपाचं डिपॉझिट भरून ग्लूवाइन (मसाला घातलेली गरम वाइन) घेतली आणि सवयीने ती अँब्युलन्सची वाट बघितली. यंदा तिथे नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रक आडवा लावलाय, आत ड्रायव्हर बसलेला, हीटर लावून, मांडीवर डबा उघडून जेवत होता.