बेळगावात अशी रात्र असतेय की

एका रात्रीत घडणाऱ्या प्रेमाच्या पिक्चरांवरचा एक लेख वाचला, त्यात 'निक अँड नोराज इन्फिनिट प्लेलिस्ट' (2008) नाही, तो पाहिजेच होता की. न्यूयॉर्कमध्ये एका बँडचा गुपचूप शो शोधत रात्रभर फिरतात सगळी, निकची ती पिवळी युगो गाडी टॅक्सी समजून लोक सरळ मागं येऊन बसतात, तो सीन मला लई आवडतो. असा पिक्चर आमच्या बेळगावात अनंत चतुर्दशीच्या रात्री घडायला पाहिजे ओ, मिरवणूक उजाडलं तरी संपत नाही, कपिलेश्वर तलावाकडं मूर्तींची रांग, आणि गर्दीत चुकलेलं माणूस पहाटे तीनला चहाच्या गाड्यावर सापडतंय, केसात गुलाल, आवाज पार बसलेला. तेवढ्या वेळात जीव जडतोयच. फक्त दोघांना अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलू दे, आम्ही घरात दारात तसंच बोलतो.