खाऱ्या पाण्याची चाकरी

आमच्याकडे मासे पाळलेत, असं आम्ही लोकांना सांगतो. खरं तर आम्ही पाणी पाळलंय. मासे दोनच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश. त्यांचं काही म्हणणं नसतं. नखरे पाण्याचे. ते पंचवीस-सव्वीस अंशांवर हवं, सापेक्ष घनता (म्हणजे खारटपणाचं माप) १.०२५ च्या आसपास हवी, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. अधिक महिन्यात जावयाचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत.

सुरुवातच बिनमाशांची. टाकी भरली, मीठ विरघळलं, दिवे-पंप लागले, की पुढचे चार ते सहा आठवडे आत मासा सोडायचा नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. ही मंडळी दगडांवर बिऱ्हाड थाटेपर्यंत थांबायचं आणि तोवर त्यांच्या जेवणाची सोय करायची. सोपा मार्ग म्हणजे टाकीत एक कोळंबी टाकून ती कुजू द्यायची.

माझी आई सिंधुदुर्गातल्या शिरोड्याची. तिच्या डोळ्यांदेखत कोळंबी कुजवणं ही गोष्ट सोपी नाही.

"खावचां सुंगट असां कुसवतंस?" तिने विचारलं.

"जिवाणूंसाठी, आई."

"आणि मासो खंय हा?"

"मासा अजून नाही."

आई देवघरात निघून गेली. त्या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने टाकीत वाकून वाकून मासा शोधला. सोसायटीचे सेक्रेटरी तर "लाजाळू दिसतोय" म्हणून दबक्या आवाजात बोलू लागले. दगडामागे बघा, असं मीच त्यांना सांगितलं. (दगड मात्र साधे, कोरडे. समुद्रातून काढलेला खडक बहुधा पोवळ्यांचा असतो, आणि पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. "समुद्रातला जिवंत खडक आहे साहेब" असं कुणी कानात सांगितलं, तर तो कान झाकावा.)

रोज संध्याकाळी तपासणी. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, हलवायचं आणि रंग तक्त्याशी ताडायचा. पिवळा आला तर अमोनिया नाही, हिरव्याकडे झुकला तर आहे. मला पिवळा दिसायचा. बायकोला पोपटी. साड्यांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाशी रंगावरून वाद घालू नये. मासे आणखी आठवडाभर लांबले.

गाळणी म्हणाल तर साधीच. दगड स्वतःच निम्मं काम करतात. मागे लटकवलेल्या फिल्टरमध्ये पांढरा कापूस, तो तीन-चार दिवसांनी बदलायचा. नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते. हा कापूस म्हणजे उशीत भरतात तोच पॉलिएस्टरचा. पाहुण्यांची एक उशी हल्ली बारीक होत चाललीय, यावर मी जास्त बोलणार नाही. मग स्किमर. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, त्यांना चिकटून घाण फेसासकट वर चढते आणि कपात साचते. तपकिरी, दाट, वास विचारू नका. घरात त्याला 'काढा' म्हणतात. कप रिकामा करायचं काम सर्वानुमते माझ्याकडे आहे.

खरी गंमत मिठाची. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. आमच्या टाकीत दीडशे लिटर, म्हणजे पंधरा लिटर आरओचं पाणी आणि लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने अर्धा किलोच्या वर मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. त्यात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं नसतं. म्हणून मत्स्यालयाचं खास मीठ बादलीच्या बादली विकत आणायचं. किंमत ऐकून आई थंडच झाली. तिच्या गावात १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, आणि तिचा मुलगा रांगेत उभा राहून पैसे मोजतोय!

पण पाण्याची पातळी खाली गेली, की काय भरायचं हे या घरात एकट्या तिला न सांगता कळलं. मी बादलीत मीठ कालवायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "मीठ खंय उडता? पाणी उडता. मिठागरात काय बघलंस?" बरोबर. बाष्प होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. त्यामुळे तूट गोड्या पाण्यानेच भरायची. खारट पाणी घालत राहिलं, तर टाकीचं मिठागर होईल. हे समजायला मी कितीतरी व्हिडिओ पाहिले होते.

गणपतीला आम्ही शिरोड्याला गेलो. शेजारच्या काकांना किल्ली दिली आणि कागदावर लिहून ठेवलं: रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी घालणे, खाणं चिमूटभर, बाकी कशाला हात लावू नये. आरतीच्या ऐन मध्यात फोन आला.

"अरे, ते कपातलं तपकिरी औषध माशांना दिवसातून किती वेळा द्यायचं? सकाळचं मी दिलंय."